शेजारी मजला चढवतोय? खर्चाचा क्रम चुकवू नका

शेजारच्या रो-हाउससमोर विटांचा ट्रक रिकामा झाला की बहुतेक जण पहिला फोन ओळखीच्या वकिलाला करतात, नाहीतर नगरसेवकाला. वकील तीन गोष्टी विचारतो. परवानगी मिळाली आहे का? मंजूर नकाशात काय दाखवले आहे? तुमची हद्द नेमकी कुठे आहे? ही उत्तरे जवळ नसतील, तर फी भरूनही पदरात पडते ती एक खरमरीत नोटीस आणि कायमचा दुरावलेला शेजारी.

अशा प्रकरणात खर्च किती येतो, हे तुम्ही पैसे कोणत्या क्रमाने खर्च करता यावर ठरते. दहा रुपयांत मिळणारा कागद आधी, मोजणी आणि इंजिनीअर त्यानंतर, वकील सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला की वाया जाणारी रक्कम हजारांत मोजावी लागते. याला अपवाद एकच आहे. तुमच्या भिंतीलगत खोल खोदाई सुरू झाली असेल, तर बाकी सगळे बाजूला ठेवून आधी इंजिनीअरला बोलवा.

हे मार्गदर्शन महाराष्ट्रातल्या बंगले आणि रो-हाउसवाल्यांसाठी आहे. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. मुंबईत महापालिकेची वेगळी नियमावली चालते, पण पायऱ्या जवळपास याच आहेत. सोसायटी आणि अपार्टमेंटमधल्या फ्लॅटसाठी खाली स्वतंत्र टिपण दिले आहे.

हरकत कशाला घेता येते

आपल्याकडे बांधकामाची परवानगी देताना महापालिका शेजाऱ्याला नोटीस पाठवून हरकती मागवत नाही. त्यामुळे "आम्हाला कुणी विचारलेच नाही" ही तक्रार भावना म्हणून खरी असली, तरी कायद्यापुढे ती टिकत नाही. हरकतीला जागा चार ठिकाणी आहे:

- परवानगीच घेतलेली नाही.
- परवानगी एक आणि बांधकाम दुसरेच.
- बांधकाम, छज्जा, पन्हळ किंवा पाया तुमच्या हद्दीत येतो आहे.
- तुमच्या घराला धोका आहे किंवा तुमच्या एखाद्या कायदेशीर हक्काला बाधा येते आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार नवी खोली, नवा मजला, बाहेरून काढलेला जिना किंवा गच्चीवरचे कायमचे छप्पर यांसाठी परवानगी लागते. रंग, गिलावा, फरशी किंवा दारे-खिडक्यांची दुरुस्ती अशा देखभालीच्या कामांना ती लागत नाही. म्हणून तोडफोडीचा आवाज ऐकू आला की लगेच तक्रार लिहायला बसू नका. आतल्या फरशा बदलणे चालू असेल, तर तुमचेच हसे होईल.

एक गैरसमज आजकाल फार पसरला आहे. "छोट्या प्लॉटला परवानगी लागतच नाही" असे ठेकेदार ठासून सांगतात. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांसाठी पद्धत सोपी केली आहे, हे खरे. पण तिथेही परवानाधारक वास्तुविशारदाने किंवा अभियंत्याने नकाशे सादर करावे लागतात आणि शुल्क भरावे लागते. सामासिक अंतरे (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा), उंची आणि चटई क्षेत्राचे नियमही तेच राहतात. सवलत कार्यपद्धतीत दिली आहे, मोजमापात नाही.

पायरी १: आधी बोलून घ्या
खर्च: काही नाही. वेळ: एक संध्याकाळ.

घरी जाऊन बसा, फाटकावर उभे राहून बोलू नका. "तुम्ही काय बांधताय?" असे विचारले की समोरचा सावध होतो. "काम किती दिवस चालेल? आम्हाला आमची तयारी करायला बरे," असे विचारले तर तो नकाशा काढून दाखवण्याची शक्यता जास्त. या भेटीत पुढच्या गोष्टी समजून घ्या:

- नकाशा मंजूर झाला आहे का, वास्तुविशारद कोण आहे.
- जुन्या इमारतीवर मजला चढवत असतील तर स्ट्रक्चरल इंजिनीअरने ती तपासली आहे का.
- पाया खोदणार का, किती खोल, आणि तुमच्या भिंतीपासून किती अंतरावर.
- परांची तुमच्या बाजूने बांधावी लागणार आहे का.
- गच्चीचे पाणी कुठे सोडणार, राडारोडा कोण आणि केव्हा उचलणार.

घरी परतल्यावर भेटीचा सारांश व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. "आज बोललो त्याप्रमाणे मागच्या बाजूला तीन फूट जागा सोडून काम होणार आहे, बरोबर ना?" असा साधा संदेश पुरे. पुढे वाद झालाच तर तारखेसह एक नोंद तुमच्या हाती असेल.

शेजाऱ्याने याच भेटीत नकाशा दाखवला आणि तो तुम्हाला पटला, तर तुमचा खर्च इथेच संपला.

पायरी २: मंजूर नकाशा मिळवा
खर्च: शून्य ते साधारण १०० रुपये. वेळ: एक दिवस ते एक महिना.

आधी जागेवरच पाहा. मंजूर नकाशाची प्रत बांधकामाच्या ठिकाणी सतत लावलेली असावी, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात दिले आहेत. लहान कामांवर हा कागद क्वचितच दिसतो. पण तो मागताना या निकालाचा उल्लेख केला की ठेकेदाराचा सूर बदलतो.

तिथे मिळाला नाही, तर संबंधित कार्यालय गाठा. शहरात ते महापालिकेचा किंवा नगरपरिषदेचा बांधकाम विभाग असते. शहराबाहेर पीएमआरडीएसारखे प्राधिकरण किंवा जिल्हाधिकारी कार्यालय, आणि गावठाणात ग्रामपंचायत. राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयानुसार स्थानिक कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्जही लागत नाही. जाताना सिटी सर्व्हे क्रमांक किंवा सर्व्हे क्रमांक आणि प्लॉट क्रमांक लिहून न्या. केवळ मालकाच्या नावावरून फाईल सापडत नाही.

तिथे टोलवाटोलवी झाली, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, प्रतीसाठी दर पानाला २ रुपये. मोठ्या आकाराच्या नकाशाच्या प्रतीला प्रत्यक्ष येणारा खर्च लावतात. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून तक्रारीची सगळी कहाणी त्यात घालू नका. एवढे लिहा:

"सि.स.नं. ___, प्लॉट क्र. ___ या मिळकतीवरील बांधकामास गेल्या पाच वर्षांत दिलेल्या परवानग्यांच्या, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राच्या, मंजूर नकाशांच्या, जोते तपासणी प्रमाणपत्राच्या व भोगवटा प्रमाणपत्राच्या छायाप्रती मिळाव्यात. फाईल पाहण्याचीही परवानगी मिळावी."

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. फाईल पाहायला पहिल्या तासाचे पैसे लागत नाहीत, आणि कोणता कागद मागायचा ते फाईल उलगडल्यावरच कळते. उत्तर आले नाही तर पहिले अपील करता येते, त्याला २० रुपयांचे न्यायालय शुल्क मुद्रांक लागते. "अशी कोणतीही परवानगी अभिलेखावर आढळून येत नाही" असे उत्तर आले, तर निराश होऊ नका. विनापरवाना बांधकामाच्या तक्रारीत याहून भक्कम कागद नसतो.

नकाशा हाती आल्यावर आधी रंग पाहा. प्रस्तावित काम लाल रंगात दाखवतात आणि पाडायचा भाग पिवळ्या तिरप्या रेघांनी. त्यानंतर चारही बाजूंची सामासिक अंतरे, एकूण उंची, मजले, जिन्याची जागा, मंजुरीचा क्रमांक आणि तारीख टिपून घ्या. प्रारंभ प्रमाणपत्राची मुदत एक वर्षाची असते, म्हणून तारीख जुनी असेल तर मुदतवाढ घेतली होती का तेही तपासा. नकाशा वाचता येत नसेल तर एखाद्या वास्तुविशारदाला तासाभरासाठी दाखवा. पुण्या-नाशकासारख्या शहरांत त्यासाठी दोन ते पाच हजार रुपये धरून चाला.

पायरी ३: हद्द पक्की करा
खर्च: आधी टेपचा, मग २,००० ते १२,००० रुपये. वेळ: एक ते तीन महिने.

सामासिक अंतर प्लॉटच्या कायदेशीर हद्दीपासून मोजतात, कंपाउंडच्या भिंतीपासून नाही. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी अंदाजाने घातलेली भिंत फूट-दीड फूट इकडेतिकडे असणे नित्याचे आहे. म्हणून "त्यांनी माझी जागा खाल्ली" असे म्हणण्याआधी मिळकत पत्रिकेवरचे क्षेत्र आणि प्रत्यक्ष मोजमाप स्वतः टेपने ताडून पाहा.

फरक दिसला तर भूमी अभिलेख विभागाकडे "हद्द कायम" मोजणीचा अर्ज करा. १ डिसेंबर २०२४ पासूनच्या दरांनुसार महापालिका व नगरपालिका हद्दीत एक हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला ३,००० आणि द्रुतगती मोजणीला १२,००० रुपये पडतात. हद्दीबाहेर दोन हेक्टरपर्यंत हेच आकडे २,००० आणि ८,००० आहेत. चलन भरताना त्या दिवशीचा दर पोर्टलवर पाहून घ्या. मोजणीची सूचना लगतच्या धारकांनाही जाते, म्हणजे शेजाऱ्याला ती तुमच्याकडून नव्हे तर सरकारी कागदावरून कळणार. आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगून आलेले बरे.

खासगी सर्व्हेअर लवकर येतो, पण त्याच्या नकाशाला कोर्टात भूमी अभिलेखाच्या "क" प्रतीइतके वजन मिळत नाही. वाद मिटवायचा असेल तर खासगी मोजणी चालेल. वाद लढवायचा असेल तर सरकारीच हवी.

पायरी ४: तुमच्या घराची आजची स्थिती नोंदवा
खर्च: शून्य ते १५,००० रुपये. वेळ: दोन-चार दिवस.

ही पायरी सर्रास वगळली जाते आणि पुढे सर्वात जास्त महाग पडते. काम सुरू झाल्यावर भिंतीला तडा गेला, तर शेजारी म्हणणार, "तो आधीपासूनच होता." आधीचा पुरावा तुमच्याकडे नसेल तर वाद तिथेच संपतो.

म्हणून पहिल्या फावड्याआधी सगळ्या भिंती, छत, फरशी, कंपाउंड आणि पाण्याची टाकी यांचे फोटो काढा. प्रत्येक जुन्या तड्यापाशी पट्टी धरून रुंदी दिसेल असा फोटो घ्या आणि सगळे फोटो ईमेलने स्वतःला पाठवा, म्हणजे तारखेचा वाद उरत नाही. संशयास्पद तड्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने बसवण्याची जुनी युक्ती आजही कामाची आहे. भिंत हलली की काच तडकते, आणि तिच्यावर तारीख लिहिलेली असली की पुरावाही होतो.

शेजारी नुसत्या आतल्या भिंती हलवत असेल तर एवढे पुरे. पुढच्या तीन प्रसंगी मात्र स्ट्रक्चरल इंजिनीअर बोलवाच: भिंत सामाईक असेल, तुमच्या पायालगत खोदाई होणार असेल, किंवा जुन्या भारवाही भिंतींच्या घरावर मजला चढणार असेल. पाहणी आणि लेखी अहवाल मिळून साधारण ५,००० ते १५,००० रुपये लागतात. काँक्रीटच्या चाचण्यांचा खर्च वेगळा, आणि त्या करायच्या की नाही हे अहवाल आल्यावर ठरवा. काळ्या मातीच्या भागात हा खर्च टाळू नका. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यातला उघडा खड्डा एक पावसाळा तसाच राहिला तर शेजारच्या पायाचा आधार सुटू शकतो.

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ ने जमिनीला शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क मानला आहे. इंजिनीअरचा अहवाल आणि हा हक्क एकत्र आले, की खोदाई थांबवण्याची तुमची मागणी ऐकून घेतली जाते.

"फक्त एक सही हवी होती"

बऱ्याचदा शेजारी स्वतःच ना हरकत पत्र घेऊन दारात येतो. सही करण्याआधी दोन गोष्टी लक्षात ठेवा. तुमच्या सहीने नियमबाह्य बांधकाम कायदेशीर होत नाही, कारण सामासिक अंतर माफ करण्याचा अधिकार तुमच्याकडे नाहीच. दुसरीकडे, तीच सही तुमचा पुढचा दिवाणी दावा कमजोर करते. मनाई हुकूम मागायला गेलात की "यांनी तर संमती दिली होती" हे पहिले उत्तर येते, आणि ते ग्राह्यही धरले जाते.

म्हणून कोऱ्या किंवा मोघम पत्रावर सही नको. सही द्यायचीच असेल तर ती ठरावीक नकाशापुरती द्या. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरीसमोर, छोटासा करार करा. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात अशा करारांना १०० ऐवजी ५०० रुपयांचे मुद्रांक शुल्क लागते. करारात ही कलमे असू द्या:

- सोबत जोडलेल्या, दोघांच्या सह्या असलेल्या मंजूर नकाशाप्रमाणेच काम होईल.
- कामाचे तास आणि अंदाजे समाप्तीची तारीख.
- परांची, पाणी आणि राडारोडा यांची जबाबदारी.
- तुमच्या घराचे नुकसान झाल्यास दुरुस्ती किती दिवसांत आणि कुणाच्या खर्चाने होईल. घराच्या आजच्या स्थितीचे फोटो सोबत जोडा.
- सामाईक भिंतीवर नवा भार टाकण्याआधी इंजिनीअरचा अहवाल, आणि त्याची फी शेजारी भरेल.

हे शेवटचे कलम बहुतेकदा मान्य होते. तुमच्या सहीची गरज असते तोवर शेजारी इंजिनीअरचे पैसे आनंदाने भरतो. सही मिळाल्यावर तो तेवढा उत्सुक राहत नाही.

पायरी ५: लेखी तक्रार
खर्च: टपालाचा. वेळ: अनिश्चित, म्हणून लवकर.

परवानगी नाही किंवा बांधकाम नकाशापेक्षा वेगळे आहे हे कागदावर दिसले, की तक्रार द्या. ती क्षेत्रीय कार्यालयात आणि बांधकाम विभागात, दोन्हीकडे द्या. एक पानाची पुरे: मिळकतीचा तपशील, मंजूर नकाशाचा क्रमांक, नकाशातले अंतर, प्रत्यक्षातले अंतर, फोटो आणि तारीख. १९६६ च्या अधिनियमातली तीन कलमे नमूद करा. कलम ५४ खाली चालू काम थांबवण्याची नोटीस देता येते, कलम ५३ खाली अनधिकृत भाग काढून टाकण्याची, आणि कलम ५२ खाली शिक्षा होऊ शकते. प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.

वेळेला इथे महत्त्व आहे. काम जोत्यापर्यंत आले असताना दिलेली तक्रार काम थांबवू शकते. स्लॅब पडल्यावर दिलेली तक्रार पाडकामाची मागणी ठरते आणि तिचा मार्ग लांबलचक आहे. १३ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार पाडकामाआधी किमान १५ दिवसांची कारणे दाखवा नोटीस, सुनावणी आणि आदेशानंतर पुन्हा १५ दिवस द्यावे लागतात. त्याशिवाय नोटीस मिळालेल्या मालकाला बांधकाम कायम ठेवण्यासाठी परवानगीचा अर्जही करता येतो. नियमांत बसणारा भाग त्यातून नियमित होतो.

दंडाच्या धाकावर फार विसंबू नका. कलम ५२ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद असली, तरी दंड २,००० ते ५,००० रुपयांचा आहे आणि गुन्हा चालू राहिला तर दिवसाला २०० रुपये. ज्याने स्लॅबवर लाखो घातले, त्याला हे आकडे टोचत नाहीत. त्याला खरी धास्ती भोगवटा प्रमाणपत्र अडण्याची, कर्ज न मिळण्याची आणि घर विकताना गिऱ्हाईक मागे फिरण्याची असते. बोलणी करताना हेच मुद्दे पुढे करा. अनधिकृत बांधकामावर महापालिका दुप्पट कराची शास्ती लावू शकते. ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, हेही शेजाऱ्याला सांगून टाका.

"तुमचा काय संबंध?" असे एखादा अधिकारी विचारतो. उडुपीच्या रहिवासी भागात मंजूर झालेल्या चित्रपटगृहाविरुद्ध तिथल्याच एका रहिवाशाने दिलेल्या लढ्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये याचे उत्तर दिले आहे. नियोजनाचे नियम रहिवाशांच्या हितासाठी असतात आणि ते मोडले गेले तर रहिवाशाला दाद मागता येते.

धूळ आणि आवाजाची तक्रार वेगळी द्या, बांधकामाच्या तक्रारीत मिसळू नका. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाज करणारी बांधकाम यंत्रे चालवायला ध्वनिप्रदूषण नियमांनुसार मनाई आहे. यासाठी पोलिसांना कळवता येते, त्याला पैसे लागत नाहीत.

उजेड, वारा आणि डोकावणे

सर्वात जास्त भांडणे यावर होतात आणि सर्वात कमी यश यातच मिळते. सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम १५ नुसार एखाद्या इमारतीत, म्हणजे तिच्या खिडकीतून, सलग २० वर्षे विनाअडथळा उजेड आणि वारा येत असेल तर त्याचा हक्क मिळतो. घर पंधरा वर्षांचे असेल तर हा मुद्दा सोडून द्या. हक्क असला तरी थोडी सावली पडली म्हणून दावा टिकत नाही, राहणे किंवा वापर लक्षणीयरीत्या अवघड झाला हे दाखवावे लागते. शिवाय खिडकी बुजल्यावर वर्षभर गप्प बसलात, तर तुमचा हक्कच अडचणीत येतो.

मोकळ्या जागेवर येणाऱ्या उजेडाचा आणि वाऱ्याचा हक्क कितीही वर्षांच्या वापराने मिळत नाही, असे कलम १७ सांगते. म्हणजे अंगणातली वाळवणे, तुळस आणि बाग यांवर सावली आली तर इलाज नाही. गच्चीवरच्या सोलर पॅनलचा दावाही टिकवणे कठीण. सोलर बसवण्याआधी शेजारच्या प्लॉटवर नियमांनुसार किती उंची चढू शकते हे विचारून घ्या, तेवढी चौकशी पॅनलच्या किमतीपुढे फुकट आहे. डोंगर दिसायचा, आता भिंत दिसते, यावर दाद नाही. खासगीपणाचा हक्कही तशी स्थानिक रूढी सिद्ध केली तरच मिळतो. डोकावण्याचा त्रास होणार असेल तर खिडकीला धुरकट काच आणि गच्चीला उंच कठडा, अशी तडजोड बोलण्यातूनच पदरात पाडून घ्या.

पायरी ६: कोर्टाआधी आणि कोर्टात
खर्च: शून्यापासून लाखांपर्यंत.

दावा दाखल करण्याआधी तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वादपूर्व प्रकरण म्हणून अर्ज करता येतो. लोकअदालतीत फी लागत नाही, तडजोड झाली तर ती दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी बंधनकारक होते आणि तिच्यावर अपील नसते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो. मिळकत आईच्या किंवा पत्नीच्या नावावर असेल तर हे लक्षात ठेवा.

तिथे जमले नाही तर वकील. नोटिशीचे ३,००० ते १०,००० रुपये धरा. मनाई हुकुमाच्या दाव्याला जिल्ह्याच्या ठिकाणी सगळा खर्च धरून ५०,००० पासून पुढे तयारी ठेवा. फी दाव्याची एकगठ्ठा आहे की तारखेगणिक, कोर्ट फी आणि टायपिंग त्यात धरले आहे का, हे पहिल्याच भेटीत लिहून घ्या. तात्पुरत्या मनाईसाठी कोर्ट तीन गोष्टी पाहते: प्रथमदर्शनी बाजू, सोय-गैरसोयीचा तोल आणि भरून न येणारे नुकसान. मोजणीचा नकाशा, माहिती अधिकाराचे उत्तर आणि इंजिनीअरचा अहवाल हे तीन कागद या तिन्हींना पुरून उरतात. महापालिकेलाही प्रतिवादी करायचे असेल तर साधारणपणे एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागते, ते दिवस आधीच हिशेबात धरा.

महापालिकेने शेजाऱ्याला नोटीस दिली की तो स्थगिती आणायला धावतो. कोर्टाने त्याचे म्हणणे एकतर्फी ऐकू नये म्हणून कॅव्हेट दाखल करून ठेवा. त्याची मुदत ९० दिवसांची असते, नंतर पुन्हा करावे लागते.

फ्लॅट असेल तर

सोसायटीत शेजाऱ्याने गॅलरी बंद केली किंवा खांबा-तुळईला हात लावला, तर पहिली तक्रार व्यवस्थापक समितीकडे द्या, कारण अंतर्गत बदलांना उपविधींनुसार समितीची परवानगी लागते. समिती हलली नाही तर उपनिबंधक, आणि सदस्य-सोसायटी वादासाठी सहकार न्यायालय. बांधकाम परवानगीचा प्रश्न मात्र महापालिकेकडेच राहतो. अपार्टमेंटमध्ये महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० चे कलम ८ तुमच्या बाजूला आहे. इमारतीच्या भक्कमपणाला धोका येईल असे काम इतर सर्व मालकांच्या एकमुखी संमतीशिवाय करता येत नाही.

एकूण हिशेब

व्यावसायिकांच्या फीचे आकडे अंदाजाचे आहेत, शहर आणि व्यक्तीप्रमाणे बदलतील.

- नकाशा पाहिला, समाधान झाले: १०० रुपयांच्या आत.
- नकाशा, वास्तुविशारदाचा सल्ला, फोटो आणि मुद्रांकावर करार: ३,००० ते ७,००० रुपये.
- वरील सर्व, सरकारी मोजणी आणि इंजिनीअरचा अहवाल: १०,००० ते ३५,००० रुपये.
- त्यावर वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा: ६०,००० पासून लाखाच्या पुढे, आणि काही वर्षे.

तिसऱ्या ओळीपर्यंतचा प्रत्येक रुपया चौथ्या ओळीतही उपयोगी पडतो. थेट चौथ्या ओळीपासून सुरुवात केलीत, तर तिसरी ओळ वकील तुम्हाला करायला लावणारच, आणि तोवर स्लॅब पडलेला असतो.

आज विटा दिसल्या असतील तर उद्या फोटो काढा आणि भेटायला जा. येत्या सोमवारी बांधकाम विभागात जाऊन फाईल पाहा, न मिळाल्यास तिथेच माहिती अधिकाराचा अर्ज द्या. पहिल्या पंधरवड्यात एवढे झाले, तर तक्रार करायची की करारावर सही करायची, हे तुम्ही कागद समोर ठेवून ठरवू शकाल.